ऋणनिर्देश

"ही तानी वरठा कोण?"

विजयमालाने हे इतक्या सहज विचारलं, की प्राध्यापक सदानंद चुरींना आधी वाटलं, ती मतदार यादी वाचते आहे.

शनिवारची दुपार होती. डहाणूजवळच्या चिखले गावातल्या घरात सदू चुरी कढीभात जेवत होते. विजयमालाचं जेवण आधीच उरकलं होतं आणि ती समोर बसून नवऱ्याचा प्रबंध चाळत होती. प्रबंध सकाळीच डहाणू रोडच्या बाइंडरकडून आला होता. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं आणि उशाला घेता येईल इतकी जाडी. 'पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील लघुउद्योगांतील व्यावसायिक नीतिमत्ता : एक चिकित्सक अभ्यास.' नाव पाठीवर मावलं नव्हतं, म्हणून बाइंडरने आपल्या जबाबदारीवर 'चिकित्सक' गाळलं होतं.

"कुठे भेटली तुला ती?" सदूंनी विचारलं.

"मला कशाला भेटेल? तुम्हाला भेटलीय. माझं नाव शेवटून दुसरं आहे. माझ्याखाली फक्त टायपिंगवाला. आणि ही बाई तिसऱ्या परिच्छेदात. ऐका." विजयमालाने चष्मा वर सरकवला. "'पाचव्या प्रकरणाचा कणा ज्यांच्या निर्भय कथनाने उभा राहिला, त्या श्रीमती तानी वरठा यांचे ऋण शब्दांत मावणारे नाही.' माझं मावलं वाटतं. एका ओळीत मावलं."

सदू हसायला गेले. हसू अर्ध्यावर आलं आणि तिथेच थांबलं. भाताचा घास हातात राहिला.

"परत वाच," ते म्हणाले.

"नको. एकदाच पुरे झालं."

"विजू, परत वाच."

तिने परत वाचलं. या वेळी तिचाही आवाज थोडा खाली आला, कारण नवऱ्याचा चेहरा तिने असा एकदाच पाहिला होता, स्कूटरचा ब्रेक लागला नव्हता तेव्हा.

प्रबंध कुणी वाचत नाही, ही गोष्ट सदूंना ठाऊक होती. मार्गदर्शक शीर्षक वाचतात, परीक्षक निष्कर्ष वाचतात. पण ऋणनिर्देशाचं पान सगळे वाचतात, कारण त्यात आपलं नाव आहे का आणि कुणाच्या खाली आहे, हे प्रत्येकाला बघायचं असतं. सगळ्या ग्रंथातलं तेवढंच पान लोकप्रिय. आणि त्या पानावर त्यांनी तानी वरठाचं नाव छापलं होतं.

सदू चुरी तलासरीच्या अलीकडे हायवेला लागून असलेल्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवत. 'व्यवसाय नीतिमत्ता' हा विषय त्यांच्याकडे आला तो दुसरं कुणी घेत नव्हतं म्हणून. वेळापत्रकात तो शेवटच्या तासाला असे. शेवटच्या तासाला मुलं गाड्या पकडायला निघून जात, त्यामुळे जिल्ह्यातली नीतिमत्तेवरची बरीचशी व्याख्यानं बाकांनी ऐकली होती. पीएचडी त्यांनी बढतीसाठी सुरू केली. मधेच कुठेतरी त्यांना विषयात रस वाटायला लागला आणि तिथून घोटाळा झाला. "चुरी, रस घेऊ नका, पूर्ण करा," असं मार्गदर्शकांनी बजावलं होतं. पण सदू एका पाड्यावर जाऊन बसले, आणि एका बाईला बोलतं करून बसले.

विद्यापीठाच्या नैतिकता समितीने त्यांच्याकडून आधी हमी घेतली होती, की कुणाचीही ओळख उघड होणार नाही. सदूंनी ती अक्षरशः पाळली. प्रितेश सावेची फुग्यांची फॅक्टरी 'कंपनी क' झाली. तिच्या चहूबाजूंची चिकूची वाडी 'एक फळबाग' झाली, म्हणजे हे डहाणू आहे असा कुणाला संशय येऊ नये. साच्यांवरून फुगे सोलून काढणारी तानी वरठा 'प्रतिसादक नऊ' झाली. प्रतिसादक नऊने सांगितलं होतं, की कामाची पाळी सुरू झाली की गेटला बाहेरून कुलूप पडतं, आणि सरकारी माणूस तपासणीला येणार असला की निम्म्या बायकांना वाडीत पिटाळतात, चिकू तोडणाऱ्या म्हणून. हे पाचव्या प्रकरणात आलं. समितीने तपासलं, समाधान व्यक्त केलं.

ऋणनिर्देश मात्र कुणी तपासत नाही. समिती तपासत नाही, उचलेगिरी पकडणारं सॉफ्टवेअरसुद्धा ते पान सोडून देतं, कारण आभार सगळेच एकमेकांचे उचलतात. सदूंनी तेवढं एकच पान मनापासून लिहिलं होतं. रविवारी सकाळी आंघोळ करून बसले, एकेकाला आठवत गेले, आणि ज्याचं नाव आठवेल त्याचं लिहीत गेले. संशोधनाची सगळी सावधगिरी पुस्तकात राहिली आणि घरचं वळण या पानात उतरलं. ज्याने मदत केली त्याचं नाव घ्यायचं, एवढंच त्यांना लहानपणापासून शिकवलेलं होतं.

"कोण आहे ती?" विजयमालाने आता वेगळ्या आवाजात विचारलं.

"प्रितेशच्या फॅक्टरीत आहे."

"मग तिचं नाव—"

"घालायचं नव्हतं."

"प्रितेशला कशाला कळतंय? तो कुठे वाचतो पुस्तकं?"

"सकाळी बाइंडरकडून येताना एक प्रत त्याच्याकडे देऊन आलो," सदू म्हणाले. "त्याने मागितली होती. त्याने आमच्या कॉलेजच्या लायब्ररीला कपाट दिलंय."

विजयमालाने ताट उचललं. भात तसाच होता. मोरीपर्यंत जाऊन ती परत आली.

"तिला काढेल तो?"

"काढेल."

"आणि तुम्हाला?"

सदूंनी तोपर्यंत हा विचार केलेला नव्हता. आता भीती दोन झाल्या, आणि दुसरी पहिलीपेक्षा जवळची होती.

"जा आणि घेऊन या ती प्रत," विजयमाला म्हणाली. "सांगा, माझ्या बायकोचं नाव चुकलंय, ती घरात घेत नाही."

प्रितेशचा बंगला वाडीत होता आणि फॅक्टरी बंगल्याच्या मागे. रस्त्यावरून पाहिलं तर फक्त चिकूची झाडं दिसत. वारा समुद्राकडून असला तर वास चिकूचा येई, आणि वारा फिरला की फुग्यांच्या रबरातल्या अमोनियाने डोळ्यांतून पाणी येई. सदू फाटकातून आत शिरले तेव्हा वारा फिरलेला होता.

प्रितेश ओटीवरच्या झोपाळ्यावर बसला होता. मांडीवर प्रबंध.

"या सर. तुमचंच वाचतोय."

सदूंना पायरीवर जरा थांबावं लागलं.

"सगळं?"

"सगळं कोण वाचतं, सर? आभार वाचले. माझं नाव दोनदा आहे. एकदा कपाटासाठी, आणि एकदा," त्याने बोट लावून वाचलं, "'ज्यांनी आपल्या कारखान्याचे दार सदैव उघडे ठेवले.' छान लिहिता तुम्ही."

प्रितेश त्यांचाच विद्यार्थी. डहाणूला प्रवेश मिळाला नाही म्हणून तलासरीकडे आला होता आणि व्यवसाय नीतिमत्तेत पहिल्या वर्गात पास झाला होता. मुलगा वाईट नव्हता. दिवाळीला न चुकता चिकूची पेटी पाठवी.

"एक चूक राहिलीय त्यात," सदू म्हणाले. "शुद्धलेखनाची. प्रत नेतो, दुरुस्त करून उद्या देतो."

"शुद्धलेखन? मला कुठे कळणारय, सर? तुम्हीच शिकवलंय मला."

"विजयमालाचं नाव चुकलंय."

"वहिनींचं बरोबर आहे, मी वाचलं." प्रितेशने झोपाळ्याला पायाने हलकासा रेटा दिला. "राहू दे प्रत इथेच. महिनाअखेरीला जर्मनीच्या पार्टीचं ऑडिट आहे. फुगे घेण्याआधी ते बघून जातात, बायकांना नीट ठेवतो का नाही. म्हटलं, दाखवू त्यांना, आमच्या फॅक्टरीवर पीएचडी झालीय."

"मराठीत आहे ती."

"म्हणून तर. कव्हरचा फोटो काढतील आणि जातील." तो मनापासून हसला. मग त्याचं बोट पानावरून खाली सरकलं आणि तिसऱ्या परिच्छेदावर थांबलं. "ही तानी आमच्याकडचीच ना?"

झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत होत्या.

"तानी बऱ्याच असतात," ते म्हणाले.

"तेच म्हटलं. काय बोललीय ती एवढं? निर्भय?"

"तसं सर्वसाधारणच. प्रातिनिधिक."

"म्हणजे?"

"म्हणजे कुठल्याही कंपनीबद्दल असू शकतं."

"आमच्याबद्दलही?"

"त्यात कंपनी क आहे."

"क म्हणजे कुठली?"

"अ आणि ब नंतरची," सदू म्हणाले.

प्रितेश त्यांच्याकडे बघत राहिला. रागावला नाही. रागावला असता तर सदूंना बरं वाटलं असतं, माफी मागायला जागा मिळाली असती.

"चहा घ्या, सर," तो म्हणाला. "उद्या सुट्टी आहे. उद्या पाचवं वाचतो."

चहा आला. सदूंनी तो गरम असतानाच संपवला.

रविवारी सकाळी ते तानीच्या पाड्यावर गेले. तलासरीच्या रस्त्यावरून आत वळलं की थोडी चढण आणि मग कुडाची घरं. तानीचा नवरा लाहू डहाणूच्या एका बोटीवर खलाशी होता, त्यामुळे तो बहुतेक समुद्रातच असे. तानी अंगणात तांदूळ पाखडत होती.

"सर, तू? आज कॉलेज नाय?"

वारल्यांच्या बोलण्यात 'तुम्ही' नाही. कलेक्टर आला तरी तूच. सदूंनी हे संशोधनपद्धतीच्या प्रकरणात तळटीप म्हणून नोंदवलं होतं, आणि स्वतः तिला शेवटपर्यंत 'तुम्ही' म्हणत राहिले होते.

"तानीबाई, एक चूक झालीय."

"कोणाची?"

"माझी."

"मग मना कशाला सांगतोस?" असं म्हणून तिने सूप पुन्हा उचललं.

सदूंनी सांगितलं. सांगताना 'प्रबंध', 'ऋणनिर्देश', 'अनवधानाने' असे शब्द आले, तेव्हा ती पाखडत राहिली. 'प्रितेशशेठ' हा शब्द आला तेव्हा सूप थांबलं.

"तू बोललास, नाव कोणाला कळायचा नाय. अंगठा घेतलास तवा वाचून दाखवलास."

"आत कुठेच नाही नाव. आत तुम्ही नऊ नंबर आहात."

"आन् बाहेर?"

"बाहेर म्हणजे पहिल्या पानांवर. आभार मानताना."

"कसला आभार?"

"तुम्ही बोललात म्हणून. पाचवं प्रकरण तुमच्यामुळे झालं, असं लिहिलंय."

तानीने थोडा विचार केला.

"म्हंजे नऊ नंबरला माझा तोंड लावलास."

सदूंनी मान खाली घातली. इतक्या वर्षांच्या अभ्यासात हे इतकं नेमकं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, पण ते टिपून घ्यायची ही वेळ नव्हती.

"वाच," तानी म्हणाली.

त्यांनी पिशवीतून आपली प्रत काढली आणि ती ओळ वाचली.

"परत."

परत वाचली.

"निर्भय म्हंजे?"

"न घाबरता."

"मी घाबरली होती," तानी म्हणाली. "तुला बोलली पण होती, हळू बोल, बाजूच्या घरात सुनिलची मावशी राहते. तू खोटा लिवलास."

सुनिल म्हणजे फॅक्टरीचा सुपरवायझर. ती असं म्हणाली होती हे खरं होतं. त्यांच्या टिपणांतही ते होतं. व्यावसायिक नीतिमत्तेवरच्या प्रबंधात त्यांनी एकच गोष्ट पदरची घातली होती, आणि ती म्हणजे तिचं धैर्य.

"शेठनं वाचला?"

"आज वाचणार म्हणाला."

तानीने वर उन्हाकडे पाहिलं. "म्हंजे आता वाचत असल."

कोंबडी सुपापर्यंत आली, तिला कुणी हाकललं नाही. मग तानी एकदम तोंडाला पदर लावून हसली. हसण्यात आनंद नव्हता, पण ते हसू होतं.

"शेठला कसा कळल कुठली तानी?"

"का?"

"अरे, आमच्या पाड्यात सगळेच वरठा. फॅक्टरीत तानी वरठा तिघी हायत. मी, एक मोठी तानी, आन् एक धाकटी, लग्न करून आलेली. पगाराला सुनिल ओरडतो, कुठली तानी, कुठली तानी. तो पण वैतागतो."

सदूंना वाटलं, कुणीतरी छातीवरचं पोतं उचललं. संशोधनाच्या भाषेत याला ओळख अबाधित राहणे म्हणतात. जे त्यांना जमलं नाही ते पाड्याने करून ठेवलं होतं. ते पिशवी सावरून उठलेसुद्धा.

"तरी मी उद्या जाऊ का नको?" तानीने विचारलं. ती आता हसत नव्हती.

"जा. नेहमीसारख्या जा. गेला नाहीत तर उलट त्याला कळेल."

सातव्या प्रकरणात त्यांच्या बऱ्याच शिफारशी होत्या. त्यांची एखादी शिफारस कुणी अमलात आणायची ही पहिलीच वेळ. त्या दुपारी ते दोन वाट्या कढी प्यायले.

सोमवारी कॉलेजला जाताना त्यांना त्या रस्त्याने जायची गरज नव्हती, तरी ते गेले. फॅक्टरीच्या गेटसमोर चहाची टपरी होती. तिथे स्कूटर लावली आणि चहा सांगितला. बायकांचा टेम्पो आला. डोक्याला फडकी बांधलेल्या, निळे एप्रन घातलेल्या बायका एकेक करून गेटातून आत जाऊ लागल्या. सुपरवायझर सुनिल गेटाशी उभा होता.

"तानी वरठा, बाजूला," तो म्हणाला.

तिघी बाजूला झाल्या. पगाराच्या दिवशी व्हायच्या तशाच, प्रत्येक जण दुसरीकडे बघत. धाकटी हसलीसुद्धा.

"कुठली?" मोठ्या तानीने विचारलं.

सुनिलने डोकं खाजवलं. "शेठ तानी बोलले. कुठली ते बोलले नाहीत." त्याने फोन लावला. "शेठ, तिघी आहेत. हो. नाही, तिघींचंही तेच आडनाव. बरं. बरं शेठ." फोन खिशात टाकताना त्याने टपरीकडे पाहिलं आणि नजर वळवली. "शेठ बोलले, जी पुस्तकात आहे ती घरी जाईल. बाकी दोघी आत. तुमच्यात ठरवा. नाही ठरलं तर तिघीही घरी."

"कसला पुस्तक?" मोठी म्हणाली. तिला दम्यामुळे बोलताना थांबावं लागे. "आम्हाला काय म्हायती पुस्तकाचा?"

"मी तं शाळेत पण गेली नाय," धाकटी म्हणाली. "पुस्तकात कशी जाईन?"

तिसरी ती, प्रतिसादक नऊ. ती जमिनीकडे बघत होती. बाकीच्या बायका आत गेल्या होत्या आणि गेटाच्या पलीकडे थांबून बघत होत्या.

सदूंनी चहा तसाच ठेवला आणि रस्ता ओलांडला. पाय आपोआप चालले, याचं त्यांना नंतर आश्चर्य वाटलं.

"सुनिल, ती छपाईची चूक आहे."

"सर, मी काय छपाई करतो का? मला का सांगता?"

"शेठना फोन लाव."

सुनिलने लावून दिला.

"बोला सर," प्रितेशचा आवाज आला. नुकताच झोपेतून उठल्यासारखा मऊ. "पाचवं वाचलं. चांगलं लिहिलंय. मी रागावलेलो नाही."

"मग या बायकांना—"

"ऑडिटवाले एकेका बाईला बाजूला घेऊन विचारतात, सर. जी तुमच्याशी बोलली ती त्यांच्याशीही बोलेल. ऑर्डर गेली तर मग सगळ्याच घरी बसतील. मला भीती वाटते, सर. खरंच सांगतो, रात्री झोप नाही."

"मग कुलूप काढून टाक ना, बाबा."

"काढलं होतं मागे. पिशव्याच्या पिशव्या माल बाहेर गेला. तुम्ही शिफारस लिहून मोकळे झालात, सर, फॅक्टरी मला चालवायचीय. तुम्ही एक करा. तुम्हीच सांगा, कुठली तानी. दोघींचं काम वाचेल. मी तर नाव विचारलंही नव्हतं, तुम्हीच छापलंत."

हा प्रश्न सदू दरवर्षी फळ्यावर लिहीत. एकाचं नुकसान होऊ द्यावं की अनेकांचं. त्यावर दोन विचारसरणी होत्या, दोन्हींना सारखे गुण, आणि मुलं जी थोडक्यात लिहून होते ती निवडत. आता फळा नव्हता. फोन कानाला लागून गरम झाला होता आणि समोर तिघी उभ्या होत्या, हातात डबे.

एक खोटं त्यांना सुचलं होतं. ती तानी तुमच्याकडची नाही, आमच्या चिखल्याला कामाला यायची, गेल्या पावसाळ्यात वारली, असं. सोपं होतं. प्रितेशला पटलं नसतं तरी त्याला ते मानून घेता आलं असतं. "प्रितेश, ती तानी," असं त्यांनी सुरूही केलं. मग खोटं उघडं पडलंच तर, या भीतीने त्यांना अजून व्हायची असलेली पीएचडीची मौखिक परीक्षा दिसली, प्राचार्यांची खोली दिसली, प्रितेशने दिलेलं कपाट दिसलं.

"ती तानी काय, सर?"

"मला आठवत नाही," सदू म्हणाले.

"आठवत नाही? ऋण शब्दांत मावत नाही, आणि कुठली ते आठवत नाही?"

सदूंनी फोनवर हात ठेवला.

"काय विचारतो तो?" तानीने विचारलं. ती जवळ येऊन उभी होती.

"कुठली तानी, ते."

"तू काय बोललास?"

"आठवत नाही म्हटलं."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही. बाजारात वस्तू हातात घेऊन बघतात आणि परत ठेवतात, तसं.

"बरा," ती म्हणाली आणि सुनिलकडे वळली. "मी हाय पुस्तकात. यांना घे आत."

"तू?" सुनिल म्हणाला. "नक्की ना? मग नंतर बोलायचं नाही."

"मी हाय म्हटला ना."

"काय बोललीस गं तू?" मोठी तानी.

"कुलपाचा."

धाकटी तिथेच उभी राहिली होती. मोठीने तिचं मनगट धरलं आणि तिला ओढत आत नेलं. आत जाताना धाकटीने मागे वळून पाहिलं, मोठीने पाहिलं नाही. सुनिलने गेट ओढलं, कडी घातली, कुलूप अडकवलं. मग सदू बघताहेत हे त्याच्या लक्षात आलं. तो क्षणभर थांबला आणि खाली मान घालून त्याने किल्ली फिरवली.

"हॅलो? सर?" फोनमधून आवाज येत होता. सदूंनी फोन सुनिलच्या हातात दिला.

तानीने एप्रन काढला. तो कंपनीचा होता. तिने तो झटकला, फुग्यांना लावायची पांढरी पावडर उडाली. मग गुडघ्यावर ठेवून त्याची नीट घडी केली आणि सुनिलपुढे धरली. गेट बंद झालेलं, त्यामुळे तो कुठे ठेवावा हे सुनिललाही कळेना. तो घडी घेऊन उभा राहिला.

टेम्पो गेलेला होता. तानी वाडीच्या कडेने रस्त्याला लागली.

"तानीबाई," सदू स्कूटर ढकलत तिच्या मागे आले. "मी नाव काढून टाकतो. सगळ्या प्रतींतून. आजच जातो बाइंडरकडे."

ती चालायची थांबली नाही.

"आता काढलास तं मी बाहेर कशाला?"

मागे बसा, पाड्यावर सोडतो, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. स्कूटर सुरू करून तिच्या पुढे निघून जावं, हेही जमेना. कॉलेजची वेळ होत आली होती. ते स्कूटर ढकलत राहिले, तिच्यापासून चारपाच पावलं मागे. दोन्ही बाजूंना चिकूची झाडं होती. समोरून दुधाची गाडी आली, ड्रायव्हरने ओळखून हात केला. सदूंनीही केला.

वळणावर तानीने मागे पाहिलं.

"पेट्रोल संपला काय?"

"नाही."

"मग चालू कर ना."

"हो," सदू म्हणाले, आणि ढकलत राहिले.